मापाचा माणूस

१

प्रचंड झाडाचा फोटो काढणं सोपं असतं, ते प्रचंड दिसायला लावणं अवघड. कागदावर उतरलं की आभाळाला टेकलेलं झाडही कुंडीतल्या रोपासारखं गरीब दिसू लागतं. म्हणून बुंध्याशी कुणीतरी माणूस उभा करावा लागतो. माणूस केवढा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. बघणारा आधी त्याच्याकडे बघतो, मग त्याच्या डोक्यावरून नजर वर वर नेतो, आणि मान दुखायला लागली की त्याच्या तोंडून 'अबब' निघतं.

ताईच्या फोटोंतला हा मापाचा माणूस वर्षानुवर्षं एकच होता, तिचा धाकटा भाऊ. त्याचं काम काय, तर उभं राहणं. यावरून कुणीतरी त्याला फूटपट्टी म्हटलं, आणि ते नाव वापरून वापरून झिजलं नि नुसतं पट्टी उरलं. त्याची बायको लाडात आली की त्याला पट्टी म्हणायची, आणि रागावली की फूटपट्टी.

उभं राहण्याचेही नियम होते. अंगात निळं जाकीट, कारण पानगळीच्या रानात पिवळा, तांबडा, गंजका असे सगळे रंग असतात, निळा तेवढा नसतो. टोपी काढायची, कारण टोपीने उंची खोटी होते. पाठ बुंध्याला टेकवायची, पाय जुळवायचे. ताईने पहिली शिट्टी मारली की श्वास रोखायचा, दुसरी मारली की सोडायचा. एवढं झाड एका फोटोत मावत नाही. ताई मुळांपासून सुरुवात करून शेंड्यापर्यंत एकावर एक फोटो घ्यायची आणि खोलीवर आल्यावर ते जोडायची. जोडताना आधी भावाला बोटाच्या एका पेराएवढा करायची आणि त्या हिशेबाने बाकीचं झाड बसवायची. तिच्या पुस्तकातली सगळी झाडं याच मापाने मोजलेली होती. ते माप एकदा तपासून बघावं असं तिच्या मनात कधी आलं नाही. का यावं? पाठचा भाऊ होता.

आता पुस्तकातलं शेवटचं पान तेवढं रिकामं होतं. त्यासाठी दोघं या डोंगरात आली होती आणि पानगळ संपत आली होती. एक जोरदार वारा आला असता तर सगळा रंग एका दुपारीत जमिनीवर आला असता आणि ताईला पुढच्या वर्षापर्यंत हात चोळत बसावं लागलं असतं. पुढच्या वर्षी पट्टी येणार नव्हता. त्याच्या बायकोचे दिवस भरत आले होते, आणि बाप झाल्यावर झाडाखाली उभं राहायला सवड कुणाला असते?

"हे शेवटचं," तो निघताना म्हणाला होता. "यापुढे तुझ्या झाडाखाली एखादा बाहुला उभा कर."

"तुझ्यात नि बाहुल्यात फरक काय?" ताई म्हणाली होती.

विश्रामगृह सांभाळणाऱ्या मावशींनी त्यांना खालच्या घळीचा रस्ता दाखवला. "एक झाड आहे तिकडे. मोठं आहे," एवढंच त्या म्हणाल्या आणि भांड्यांकडे वळल्या.

मोठं म्हणजे काय ते घळीच्या काठावर पोचल्यावर कळलं. आजूबाजूची झाडं काही लहान नव्हती, चौघांच्या कवेत मावणार नाहीत असे त्यांचे बुंधे होते. पण ती सगळी जरा मागे सरकून उभी होती आणि मधल्या मोकळ्या जागेत हे एकटं. साल राखाडी, खोल घड्या पडलेली. वरचा सगळा पर्णभार पिवळाधमक, आणि त्याचा उजेड खाली सांडून घळीतली हवाही पिवळी झालेली. पानं एकेक करून पडत होती. बाकी आवाज नव्हता.

ताईला समोरच्या चढावर एक सपाट खडक मिळाला. तिने ट्रायपॉड रोवला, त्याच्या पायांभोवती दगड रचले आणि तिथून हलायचं नाही असं स्वतःलाच बजावलं. पट्टी उड्या मारत उतरला, पानं तुडवत बुंध्याशी गेला, टोपी काढली, पाठ टेकवली.

"बस तू उंटावरून शेळ्या हाकत!" खालून तो ओरडला.

ताईने पहिली शिट्टी मारली.

२

संध्याकाळी खोलीत शेगडी पेटली होती. खोली म्हणजे दोन खाटा, मधे जेमतेम एक माणूस आडवा होऊन जाईल एवढी जागा, आणि खिडकीखाली एक टेबल. त्या टेबलावर लॅपटॉप ठेवून ताई फोटो जोडत बसली. पट्टी आपल्या खाटेवर पडून मोजे वाळवत होता.

नेहमीप्रमाणे तिने आधी भाऊ शोधला. तो निळा ठिपका पडद्यावर सापडायला जरा वेळ लागला. पेराएवढा तर नव्हताच, नखाएवढाही नव्हता. ताईने त्याला मोठं केलं, पेराएवढं केलं, आणि त्या मापाने बाकीचं झाड बसवायला गेली, तर झाड पडद्याबाहेर गेलं. तिने कागदाचा आकार वाढवला. झाड त्याच्याही बाहेर गेलं.

ती खुर्चीत मागे टेकली. खडक वाटला होता त्यापेक्षा दूर असणार. डोंगरात अंतराचा अंदाज चुकतो, हे तिला काही कुणी शिकवायला नको होतं. आणि अंतर चुकलं असेल, तर मग झाड...

"पट्टी! अरे हे झाड सगळ्यांचा बाप आहे! पुस्तकातली बाकीची झाडं याच्यापुढे गवत!"

पट्टी काहीतरी म्हणाला.

"काय?"

तो पुन्हा म्हणाला. मग उठून बसला आणि जरा मोठ्याने म्हणाला, "म्हटलं, बाहुला उभा केला असतास तर कळलं असतं का हे?"

"पुटपुटतोस कशाला मग? तोंड उघडून बोल की."

"मी नीटच बोलतोय. तुझे कान गेले."

ताई हसली. चाळिशी उलटली की कान, डोळे, गुडघे सगळेच रजा मागायला लागतात. तिने ठरवून टाकलं, उद्या पुन्हा जायचं, आणखी फोटो घ्यायचे, शेंड्याचा एकही तुकडा सोडायचा नाही. एवढं मोठं झाड पदरात पडलं असताना एका दिवसावर भागवायचं म्हणजे ताटातलं वाढलेलं टाकून उठणं.

इतक्यात भावजयीचा फोन आला. आधी ती ताईशी बोलली, झोप लागत नाही, पाय सुजतात, बाळ लाथा मारतं, सगळं सांगून झालं. मग ताईने फोन भावाकडे दिला. दोघं नवरा-बायको थोडा वेळ बोलले आणि पट्टीने फोन परत आणून दिला.

"ताई," भावजय म्हणाली, "यांना फोन तोंडाशी धरायला सांगा हो. पलीकडच्या डोंगरावरून हाका मारल्यासारखं ऐकू येतं."

"रेंज नाही गं इथे."

"तुमचा आवाज तर स्वच्छ येतोय."

"त्याला लवकर पाठवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

३

सकाळी निघताना तिचं लक्ष दाराशी टेकवलेल्या काठीकडे गेलं. हिवाळ्यात बर्फ किती साचला ते बघायची काठी होती ती, वितीवितीवर लाल-पांढरे पट्टे रंगवलेली. एवढं मोठं झाड कुणी डोळे मिटून मानणार नाही, काठीची साक्ष असलेली बरी, असा विचार करून तिने ती मावशींकडून मागून घेतली.

"न्या की," मावशी म्हणाल्या. "बर्फाला अजून वेळ आहे. वारा मात्र येईल, उद्यापर्यंत."

ट्रायपॉड रात्रभर खडकावरच होता. दगड जसेच्या तसे होते. पट्टी काठी घेऊन खाली निघाला आणि ताई कॅमेरा बसवायला लागली. बसवून झाला, लेन्स पुसून झाली, तरी पट्टी अजून उतरतच होता. काल उड्या मारत गेला होता, आज चालत गेला असेल. रात्री नीट झोपला नसेल.

शेवटी तो बुंध्याशी पोचला. काठी शेजारी टेकवून सरळ उभा राहिला. ताईने शिट्टी मारली, फोटो घेतला, पुन्हा शिट्टी मारली. तो हलला नाही. तिने परत मारली, दोन बोटं तोंडात घालून, कानठळ्या बसतील अशी. तेव्हा कुठे त्याने खांदे सोडले.

त्या दिवशी तिने पुष्कळ फोटो काढले. ऊन वर चढलं तसा पिवळा रंग केशरी झाला, मग तांब्यासारखा झाला. बुंध्याच्या घड्यांमध्ये सावल्या हलत होत्या आणि त्यांच्यापुढे निळं जाकीट अगदी स्थिर होतं. दर वेळी कॅमेऱ्यातून बघताना तिला वाटे, आणखी एक घेऊ, या वेळचा नीट येईल. आधीच्या फोटोत काय नीट नव्हतं हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

काम संपल्यावर तिने त्याला वर बोलावलं आणि त्याच्यासाठी चहा ओतून ठेवला. पट्टी चालताना दिसत होता. पाय पडत होते, हात हलत होते, पानं त्याच्या बुटांखाली उडत होती. चहाची वाफ थांबली. तिने तो ओतून टाकला आणि दुसरा ओतला. तोही निवला. पट्टी खडकावर पोचला तेव्हा घामाने निथळत होता.

"तू मागे का सरकलीस?" त्याचा पहिलाच प्रश्न.

"कोण, मी?"

"नाहीतर काय तुझा ट्रायपॉड? काल तू या खडकावर होतीस. आज पार त्या कड्यावर गेली होतीस. शिट्टीसुद्धा ऐकू येईना. मुंगीएवढी दिसत होतीस तू मला."

"हे दगड बघ. कालचेच आहेत. मी तसूभर हललेली नाही."

"मग मी हललो? माझी पाठ झाडाला चिकटलेली होती!"

"मी तसं म्हटलं का?"

"मग काय म्हणतेस?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. लहानपणी फुटलेल्या काचेवरून भांडताना बघायची तशीच, फक्त या वेळी दोघांनाही माहीत होतं की समोरचा खोटं बोलत नाही. ताईच्या मनात पाल चुकचुकली. तिने काठी उचलली आणि "चल, ऊन उतरतंय," एवढंच म्हणाली. वाटेत ती मुद्दाम त्याच्या पाठोपाठ चालली. तरीही त्याला गाठायला ती सारखी झपझप पाय उचलत होती.

४

त्या संध्याकाळी तिने फोटो जोडले नाहीत. त्या दिवशीचे बुंध्याचेच सगळे फोटो एकाखाली एक लावले आणि पाहिले.

काठी प्रत्येक फोटोत तेवढीच होती. पट्टे मोजता येत होते, झाडाच्या त्याच घडीला तिचं टोक लागत होतं. झाडही तेवढंच होतं. खडक दूर नव्हता, झाड पुस्तकातल्या इतर झाडांचा बाप नव्हतं. वितींच्या हिशेबाने पट्टीचं डोकं काठीच्या वरच्या लाल पट्ट्याला लागायला हवं होतं, ते पहिल्याच फोटोत लागत नव्हतं. दुसऱ्यात मधल्या पांढऱ्यालाही लागत नव्हतं. शेवटच्या फोटोत तो काठीच्या पायथ्याशी होता, लहान मुलाएवढा. पण लहान मूल जवळून लहान दिसतं, त्याचे डोळे-नाक स्पष्ट दिसतात. याचं तसं नव्हतं. याचा चेहरा हवेने पुसट झालेला होता, रंग फिका पडला होता, मैदानापलीकडच्या माणसाचा पडतो तसा. हात काठीवर होता. काठी इथे होती आणि तिला धरणारा माणूस तिथे होता.

ज्याच्यावर विसंबून सगळी झाडं मोजली, तोच तिच्या डोळ्यांदेखत लांब जात होता, आणि ती दोन दिवस झाड वाढतंय म्हणून टाळ्या पिटत होती. मापाचं माप घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं.

"पट्टी, इकडे ये. भिंतीला टेकून उभा राहा."

"अजून उभं राहायचं?" तो कुरकुरला, पण उठला.

ती काठी घेऊन त्याच्याकडे गेली. दोन खाटांमधली ती चिमूटभर जागा, पण पोचेपर्यंत तिची पावलं तिला ऐकू येत राहिली, एक, आणखी एक, आणखी एक. तिने काठी लावली. डोकं बरोब्बर वरच्या लाल पट्ट्याला लागलं. जेवढा होता तेवढाच. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खांदा गरम होता आणि जाकिटाला पानांचा ओला वास येत होता.

"काय झालं? रडतेस का?"

"शेगडीचा धूर," ती म्हणाली आणि तिने त्याला ते फोटो दाखवले.

जेवायला तिघं एकाच टेबलाशी बसली. मावशींनी सूप वाढलं, पाव कापला. ताईने मीठ मागितलं. पट्टीने मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली, तिने हात लांब केला, तर वाटी पोचली नाही. त्याने आणखी सरकवली, पार हात ताणून. शेवटी ताई उठली आणि वळसा घालून वाटी घेऊन आली. टेबल चार जणांचं होतं. मावशींनी सगळं पाहिलं आणि ताटात बघून जेवायला लागल्या.

"उद्या सकाळी आपण घरी निघतोय," ताई म्हणाली.

"आणि फोटो?"

"गेला खड्ड्यात."

पट्टी हसायलाच लागला. "तू? तू काम अर्धं टाकणार? ताई, पाय मुरगळला होता तेव्हा तुला पाठीवर घेऊन चढलो होतो मी, का, तर ऊन चांगलं होतं! आणि आता माझ्या बुटक्या फोटोपायी पुस्तक सोडायचं? कॅमेरा बिघडलाय तुझा. दुसरी लेन्स लाव, सकाळी लवकर जाऊ, वारा सुटायच्या आत एक फोटो काढू नि निघू."

"नाही म्हटलं ना."

"शेवटचं पान आहे ते. मला माझ्या पोराला दाखवायचंय."

"पट्टी, मी पाया पडते तुझ्या, ऐक."

ताई कुणाच्या पाया पडेल हे त्याने आजवर पाहिलं नव्हतं. झोपताना तो काहीतरी म्हणाला, पण तिला शब्द कळले नाहीत. दिवा मालवल्यावर बराच वेळ तिला त्याचं घोरणं ऐकू येत होतं. शेजारच्या खाटेवरून नाही. इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, कितीतरी बंद दारांच्या पलीकडे कुणी घोरावं तसं.

५

ती उठली तेव्हा उजाडलं होतं आणि शेजारची खाट रिकामी होती.

"भाऊ मघाशीच गेले," मावशी म्हणाल्या. त्या चुलीपुढे उभ्या होत्या आणि त्यांनी वळून पाहिलं नाही. "म्हणाले, ताईला सांगा, मी जाऊन उभा राहतो, म्हणजे तिला यावंच लागेल. तुम्हाला हाका मारल्या त्यांनी. दारात उभं राहून मारल्या."

"मला ऐकू आल्या नाहीत."

"कशा येणार? मी त्यांच्या समोर होते तरी मला कान द्यावा लागला." त्यांनी हात पदराला पुसले. "ताई, मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही जाणार असाल तर आता जा."

ताई धावली. या वयात, या गुडघ्यांनी, बुटांच्या नाड्या न बांधता. कॅमेऱ्याची पिशवी कधी खांद्याला लावली ते तिलाही कळलं नाही, हाताची सवय, दुसरं काय. वारा सुटलाच होता. रानभर पानं सुटून येत होती, तांबडी, पिवळी, गंजकी, आणि मोठ्या बुंध्यांमधून आडवी वाहत होती. असं दृश्य तिला आयुष्यात पुन्हा मिळालं नसतं आणि तिने त्याच्याकडे डोळा वर करून पाहिलं नाही.

खडकावर पोचून तिने झाडाकडे पाहिलं. बुंध्याशी कुणी नव्हतं. मग तिने पिशवीतली सगळ्यात लांब पल्ल्याची लेन्स काढली, कॅमेऱ्याला लावून ट्रायपॉडवर चढवली आणि फिरवली. साल जवळ आली, सालीची घडी जवळ आली, आणि त्या घडीत, मुळाच्या वर, निळं काहीतरी होतं. टाचणीच्या डोक्याएवढं. टोपी काढलेली. पाय जुळवलेले. तो शिट्टीची वाट बघत होता.

बोट बटणावर गेलं. एक फोटो काढला तर तो मोठा करून बघता येईल, त्याचा चेहरा बघता येईल, तो घाबरलाय का ते कळेल. तिने बोट काढून घेतलं. दर वेळी तिने 'आणखी एक' म्हटलं होतं, आणि दर वेळी तो आणखी लांब गेला होता. फोटोमुळे गेला की झाडामुळे, की तो तिचं ऐकून निमूट उभा राहिला म्हणून, हे तिला ठरवता येईना, आणि आता ठरवत बसायला वेळही नव्हता. तिने कॅमेरा तिथेच सोडला आणि उतरायला लागली.

झाड जवळ यायचं तसं आलं. मोठं झालं, आणखी मोठं झालं, आभाळ झाकून टाकलं. मुळं गुडघ्याएवढी झाली, मग कमरेएवढी. निळा ठिपका मात्र तेवढाच राहिला. ती बुंध्याला हात लावून उभी राहिली. साल गार होती, ओली होती, सालीसारखी साल होती. आणि तिच्या डोळ्यांसमोर, हातभर अंतरावर, त्या खोल घडीत तिचा भाऊ दिसत होता, एखादी दरी ओलांडून पलीकडच्या पठारावर दिसावा तसा. त्याच्या पायाखालीही पानं होती. त्याच्यामागेही एक बुंधा होता, आणि त्या बुंध्याच्या घडीत, त्याहून कितीतरी लांब, पांढरं काहीतरी होतं. तेही सरळ उभं होतं. ताईने तिकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

तिने हात आत घातला. बोटं सालीला लागली.

"पट्टी!"

फार वेळाने, वाऱ्याने आणून टाकल्यासारखं, उत्तर आलं. "ताई, काढ की लवकर! श्वास रोखून धरलाय मी!"

६

ताई रडली नाही. रडून काही होणार असतं तर ती तेही मन लावून रडली असती. ती तिथे उभी राहून विचार करू लागली, आयुष्यभर केला तसा, कुठे उभं राहिलं म्हणजे काय दिसेल एवढाच. ती चालत आली होती, म्हणून झाडापाशी पोचली होती. तो चालत गेलाच नव्हता. तो उभा राहिला होता. तिकडे जायची तीच एक रीत होती, आणि ती रीत तिनेच त्याला शिकवली होती.

घरी भावजय फोनशी बसली असेल, हे तिच्या मनात आलं. पोटावर हात ठेवून. हा एकटा परत येणार नाही, हे ताईला पक्कं कळलं होतं. आणि आपण एकटीने परत जाऊन त्या पोरीसमोर उभं राहायचं, हे तिच्याच्याने होणार नव्हतं. झाडाची भीती तिला वाटत होती. पण या दुसऱ्या गोष्टीपुढे ती भीती काहीच नव्हती.

तिने टोपी काढली. वळून पाठ सालीला टेकवली, पाय जुळवले. आयुष्यात पहिल्यांदाच ती मापाच्या जागी उभी होती. इथून खडक दिसत होता, खडकावर ट्रायपॉड, आणि लेन्सचा काळा डोळा नेमका तिच्याकडे रोखलेला. दोन बोटं तोंडात घालून तिने स्वतःच पहिली शिट्टी मारली आणि श्वास रोखला.

पानं पडत राहिली. छाती भरून आली, कानात ठोके पडू लागले. खडक जरा लहान झाला. मग आणखी. तिने डोळे मिटले नाहीत. ट्रायपॉड काडीएवढा झाला, मग सुईएवढा, आणि घळीचा चढ लांब, लांब, लांब होत गेला.

शेजारून कुणीतरी तिचा हात धरला.

"तू खाली कशाला आलीस?" पट्टी म्हणाला. आवाज अगदी कानाशी होता, स्वच्छ, नेहमीचा, थोडा वैतागलेला. "फोटो कोण काढणार मग?"

ताईने श्वास सोडला. तिने त्याला चाचपून पाहिलं, खांदे, दंड, गाल. त्याला अंगाशी धरलं. तो तिच्यापेक्षा वीतभर उंच होता, होता तेवढाच. दोघंही पुरी होती, एका मापाची होती. एवढ्यावर ती इतकी सुखावली की क्षणभर तिला बाकी कशाचंच काही वाटलं नाही.

मग पट्टीने समोर पाहिलं. "ताई," तो हळू म्हणाला, "खडक कुठे गेला?"

"तो काय."

अगदी वर, डोळे बारीक केल्यावर दिसेल असा, एक राखाडी कण होता. त्या कणावर काहीतरी हललं. मावशी असाव्यात. त्या आधी इकडे तिकडे फिरल्या, मग ट्रायपॉडपाशी थांबल्या आणि कॅमेऱ्याला डोळा लावून बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. पट्टीने जाकीट काढून डोक्यावर फिरवलं. ताईने शिट्ट्या मारल्या, एकामागून एक, तोंड कोरडं पडेपर्यंत. मावशी सरळ झाल्या. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले, हाक मारली असावी. इकडे काही पोचलं नाही. त्या थोडा वेळ वाट बघत उभ्या राहिल्या, मग त्यांनी ट्रायपॉडचे पाय एकेक करून मिटले, तो खांद्यावर टाकला आणि त्या गेल्या.

पट्टीच्या हातातून जाकीट खाली पडलं. त्याचा चेहरा लहानपणी अंधाराला घाबरल्यावर व्हायचा तसा झाला होता. ताईने जाकीट उचललं, झटकलं, त्याच्या अंगात घातलं आणि चेन गळ्यापर्यंत ओढली.

"किती लांब असेल गं?"

"चढ आहे नुसता."

"घरी ती काळजी करत असेल. काय सांगायचं तिला?"

"पोचल्यावर सांगू," ताई म्हणाली. पाठीमागून, झाडाच्या बाजूने, पानं तुडवल्याचा आवाज आला. कुणीतरी फार दुरून सावकाश चालत येत होतं. ताईला घडीत दिसलेलं ते पांढरं काहीतरी आठवलं. पट्टी वळायला लागला, तर तिने त्याचा हात घट्ट ओढला. "मागे बघायचं नाही. माझ्याबरोबर पाऊल टाक." आणि ती चढाला लागली.